सौरघटातील पातळ थर : तो बसवतात कसा, आणि आपल्या पॅनशी त्याचे नाते काय



‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा, अशी तिची मांडणी. तेव्हापासून विहिरीच्या कडेला पॅनेले उभी दिसणे यात काही नवल उरलेले नाही. पण पॅनेल आले की मागोमाग विक्रेतेही येतात. कुणी चटईसारखे गुंडाळता येणारे पॅनेल दाखवतो, कुणी म्हणतो जाड पॅनेलांचा जमाना गेला, आता पातळ फिल्मचा आला, तो अर्ध्या किमतीत मिळेल, थोडे थांबा. त्यावर काही सभासद थांबतात आणि काही घाईने पैसे मोजतात. यातले खरे किती हे ठरवायचे तर तो पातळ थर मुळात बनतो कसा हे थोडे समजून घ्यावे लागेल. विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी ऊस आणि द्राक्षे पिकवणाऱ्या माणसाला तो परका वाटू नये.

पातळ कशासाठी?

सौरघटात ऊन पिऊन त्याची वीज करणारा जो थर असतो, त्याला शोषक थर म्हणतात. आज जगात बनणाऱ्या शंभर पॅनेलांपैकी पंच्याण्णवहून अधिक पॅनेलांत हा थर सिलिकॉनचा असतो. वाळूतून काढतात ते हे मूलद्रव्य. आपल्या पंपावरची पॅनेलेही त्याचीच. सिलिकॉनची एक खोड आहे, ते प्रकाश सावकाश पिते. सगळे ऊन अडवायचे तर जाडी ठेवावी लागते, आणि फार पातळ चकती हाताळतानाच मोडते. म्हणून १,४१४ अंश सेल्सिअसला वितळणारे सिलिकॉन वितळवायचे, त्याचा ओंडका घडवायचा आणि तारेने त्याच्या दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनच्या चकत्या कापायच्या, असा तो खटाटोप आहे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा.)

काही संयुगे मात्र प्रकाश घटाघटा पितात. कॅडमियम टेल्युराइड, तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनियमचे संयुग, अँटिमनी सल्फाइड ही त्यांतली नावे. यांचा दोन-तीन मायक्रॉनचा थर पुरतो, काहींचा त्याहूनही कमी.

आता हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर काचेवर दोन मायक्रॉनचा थर म्हणजे दोन घन सेंटिमीटर माल, चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. कॅडमियम टेल्युराइडचे वजन धरले तर ते झाले सुमारे बारा ग्रॅम. संपूर्ण एक एकर जमीन एवढ्या थराने झाकायची म्हटली तर आठ लिटर माल लागेल, पाठीवरच्या फवारणी पंपात अर्धा पंप! वजन सत्तेचाळीस किलोच्या आसपास. तोच एकर १६० मायक्रॉनच्या सिलिकॉन चकत्यांनी झाकायचा तर दीड टन सिलिकॉन लागेल.

मग सगळ्या जगाने पातळ थरच का नाही धरला? कारण माल थोडा लागत असला तरी तो बसवणे अवघड आहे. थर सगळीकडे सारखा हवा, त्यातल्या मूलद्रव्यांचे प्रमाण बरोबर हवे आणि त्याला छिद्र नको. टाचणीच्या टोकाहून लहान छिद्रातूनही वरचा आणि खालचा वीजवाहक थर एकमेकांना टेकतात, आणि मग तेवढा घट बसलाच म्हणायचा.

पॅनमनला ठाऊक असलेली गोष्ट

थर बसवण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली सर्वांत कमी खर्चाची रीत आपल्या महाराष्ट्रात, तीही उसाच्याच मुलखात, फार जोपासली गेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या कामासाठी जगभरच्या संशोधकांना माहीत आहे. निर्वात पोकळी करणारी महागडी यंत्रे हाताशी नसतानाही काचेचे चंचुपात्र, गरम पाण्याचे भांडे आणि काही रसायने एवढ्यावर चांगले थर बसवता येतात, हे तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे दाखवले. प्रा. सी. डी. लोखंडे यांनी या रासायनिक पद्धतीवर १९९१ मध्ये आणि पुन्हा प्रा. माने यांच्यासह २००० मध्ये लिहिलेले आढावे आजही देशोदेशींचे विद्यार्थी चाळतात.

या रीतीला रासायनिक स्नानाची पद्धत म्हणतात. ती समजून घ्यायला आपल्याच कारखान्यात चला. पॅनमध्ये पाक आटवताना पॅनमन काय सांभाळतो? पाक अतिसंपृक्त झाला पाहिजे, म्हणजे पाण्यात मावते त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली राहिली पाहिजे. पण ही अतिसंपृक्तता एका मर्यादेतच हवी. त्या मर्यादेत असले म्हणजे आधी टाकलेल्या बीजावर साखर चढत जाते आणि दाणा वाढतो. मर्यादा ओलांडली की पाकात आपोआप बारीक दाणे सुटतात. त्याला आपल्याकडे फॉल्स ग्रेन म्हणतात. मग साखर बारीक येते, सेंट्रीफ्युगलमध्ये जाळीतून निघून जाते आणि मळीत साखर वाढते. त्या पाळीचा पॅनमन मग चीफ केमिस्टसमोर उभा!

रासायनिक स्नानात अगदी हेच चालते, फक्त दाणा काचेवर धरायचा असतो. उदाहरणासाठी पिवळे कॅडमियम सल्फाइड घेऊ. कॅडमियमचे क्षार आणि गंधक देणारे थायोयुरिया सरळ एकत्र केले आणि गंधक एकदम सुटले, तर क्षणात पिवळा साका खाली बसेल आणि काच कोरडीच राहील. म्हणून द्रावणात अमोनिया घालतात. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि थोडे थोडे सोडतो. थायोयुरियाही त्या अल्कधर्मी द्रावणात गंधक हळूहळूच देते. साठ ते ऐंशी अंशांना तापवलेल्या त्या द्रावणात स्वच्छ काचपट्ट्या उभ्या टांगतात आणि द्रावण ढवळत ठेवतात. पहिली काही मिनिटे डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग काचेवर फिकट पिवळी झाक येते, पुढे द्रावणही पिवळे होऊ लागते. द्रावण पार गढूळ झाले की समजायचे आता माल काचेऐवजी पाण्यात बसतो आहे, पट्टी बाहेर काढा. अर्ध्या-पाऊण तासात मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा थर मिळतो. तापमान, अमोनियाचे प्रमाण आणि वेळ या तीन दोऱ्या हातात ठेवून थर जाड-पातळ करता येतो. काचेला बोटाचा तेलकट डाग राहिला तर तेवढ्या जागी थर सुटतो. लोणच्याची बरणी पुसण्यात गृहिणी जी काळजी घेते, तीच इथे घ्यावी लागते.

एक खुलासा इथेच करायला हवा. कॅडमियम सल्फाइडचा थर शोषक नव्हे. शोषक थरावर जी ‘खिडकी’ लागते, तिचे काम तो करतो. याच स्नानातून शोषक थरही बसवतात. अँटिमनी सल्फाइड हे त्यातले चांगले उदाहरण. त्याचे स्नान उलट थंड लागते, दहा अंशांच्या आसपास, बर्फात ठेवून. थर बसतो तेव्हा नारिंगी असतो आणि त्याच्या कणांना धड स्फटिकाचा आकार नसतो. मग नायट्रोजनमध्ये तीनशे अंशांजवळ तापवला की तो काळसर राखी होतो, आतली मांडणी ओळीत येते आणि तो प्रकाश चांगला पिऊ लागतो. काहिलीत ढवळलेला पाक नुसता घट्ट होणे वेगळे आणि त्याला कण धरणे वेगळे, हे गूळ करणाऱ्याला सांगायला नको. अँटिमनीच्या या घराण्यातील, सेलेनियम मिसळलेल्या घटाने २०२० मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. तोही थर पाण्यातल्याच रीतीने, बंद भांड्यात गरम करून बसवलेला होता.

स्नानाचा मोठा दोष असा, की बहुतेक माल काचेवर बसतच नाही, पाण्यात जातो. कॅडमियम असलेले पाणी म्हणजे विष आहे. प्रयोगशाळेत ते पाऊण लिटर असते, कारखाना काढला तर टाक्या भरतील. मळीच्या आसवनीतून येणाऱ्या सांडपाण्याने नदीकाठच्या विहिरींचे काय होते हे आपण जाणतो, म्हणून हा मुद्दा सभासदांना जास्त फोडून सांगण्याची गरज नाही.

घड बुडवणे आणि फवारा

हा वाया जाणारा माल वाचवण्यासाठी एक युक्ती निघाली. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी ती मांडली. दोन्ही द्रव्ये एका भांड्यात आणायचीच नाहीत. काच आधी धातूच्या द्रावणात बुडवायची, मग साध्या शुद्ध पाण्यात खंगाळायची, मग गंधकाच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खंगाळायची. दर फेरीला अणूंचा एखादा पापुद्रा चढतो. निफाड-दिंडोरीकडच्या ज्या सभासदांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांनी जी. ए. च्या द्रावणात घड बुडवण्याचे काम केलेले आहे. तेच इथे शंभर-दोनशे वेळा करायचे, आणि मधल्या खंगाळण्यात आळस केला तर दोन्ही द्रव्ये भेटून पावडर सुटते. प्रा. लोखंडे व हबीब पठाण यांनी या पद्धतीचा आढावा २००४ मध्ये लिहिला. प्रा. पठाण यांचे काम पुढे पुणे विद्यापीठात चालले. आपल्या नाशिकच्या महाविद्यालयांची पदवी त्याच विद्यापीठाची असल्यामुळे एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हा विषय तिथे शिकता येतो, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरी रीत फवाऱ्याची. क्षारांचे द्रावण हवेच्या दाबाने तुषार करून तीनशे ते साडेचारशे अंश तापलेल्या काचेवर मारतात. पाणी उडून जाते, क्षार फुटून काचेवरच संयुग बनते. नोझल आणि थेंबाचा आकार यांचे महत्त्व द्राक्षबागायतदाराला शिकवायला नको! थेंब मोठा पडला तर काच तिथे थंड होते आणि डाग पडतो. थेंब फारच बारीक झाला तर तो वाटेतच सुकतो आणि काचेवर नुसती भुकटी येते. कोल्हापूरचेच प्रा. प्रमोद पाटील यांनी १९९९ मध्ये या फवारा पद्धतीचा विस्तृत आढावा घेतला. ही रीत मोठ्या काचेला चालते, खर्च कमी, पण तुषारांतला बराच माल हवेत जातो.

विजेच्या साहाय्याने थर चढवणे, म्हणजे मुलामा देण्याचीच रीत, हीही आहे. त्या रीतीने कॅडमियम टेल्युराइडची पॅनेले बनवण्याचा कारखाना बी.पी. सोलर कंपनीने कॅलिफोर्नियात चालवला आणि २००२ मध्ये बंद केला.

पोकळीतली कामे

वेफर्सच्या पुडीच्या आतली चकाकी पाहा. ती ॲल्युमिनियमची असते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ प्लास्टिकवर बसवतात. शोषक थर बसवण्याच्या मोठ्या कारखानदारीतही मूळ कल्पना हीच.

पातळ थरांत बाजारात खरोखर टिकले ते मुख्यतः कॅडमियम टेल्युराइड. काच पाचशे-सहाशे अंशांना तापवायची, तिच्यापासून काही मिलिमीटर अंतरावर त्या संयुगाची भुकटी अधिक तापवायची. वाफ उठते आणि काचेवर बसते. दोन-तीन मायक्रॉन व्हायला थोडी मिनिटे पुरतात. वायूच्या झोताबरोबर ही वाफ सरकत्या काचेवर सोडण्याची रीत अमेरिकेच्या फर्स्ट सोलर कंपनीने बसवली. तिचा चेन्नईजवळचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, वर्षाला ३.३ गिगावॅट पॅनेलांच्या क्षमतेचा.

पण नुसता थर बसून भागत नाही. त्यावर कॅडमियम क्लोराइड देऊन चारशे अंशांच्या आसपास भाजावे लागते. हे केले नाही तर घट निम्मीसुद्धा वीज देत नाही. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो ते आठवा. तिथे नवसागर पितळ साफ करतो म्हणून कथील धरते. इथले क्लोराइड दाण्यांच्या सांध्यांत शिरून सांधे दुरुस्त करते. काम वेगळे, पण चिमूटभर क्षारावाचून सगळी मेहनत वाया, एवढे सारखे. ही गोष्ट सिद्धांतातून कुणाला सुचली नाही. करून पाहता पाहता सापडली, आणि का लागू पडते हे शोधायला पुढे बरीच वर्षे गेली.

तांबे-इंडियम-गॅलियमचा थर याहून किचकट. चार मूलद्रव्ये एकाच वेळी ठरल्या प्रमाणात वाफ होऊन आली पाहिजेत, किंवा धातू आधी बसवून मग ते सेलेनियमच्या वाफेत भाजले पाहिजेत. प्रयोगशाळेत २३ टक्क्यांवर गेलेला हा थर कारखानदारीत मात्र तगला नाही.

का, ते सांगतो. २००८ च्या सुमारास शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोला चारशे डॉलरपर्यंत चढला होता. तेव्हा पातळ थरांच्या कंपन्या गवतासारख्या उगवल्या. आपल्या देशातही मोझर बेअर कंपनीने ग्रेटर नोइडा येथे सिलेन वायू फोडून सिलिकॉनचाच पातळ थर काचेवर बसवण्याचा कारखाना घातला. चार वर्षांत सिलिकॉनचा भाव वीस डॉलरच्या घरात आला आणि पातळ थराचे मुख्य भांडवलच गेले. अमेरिकेची सोलिंड्रा २०११ मध्ये बुडाली. मोझर बेअरही पुढे दिवाळखोरीत गेली. शिवाय त्या सिलिकॉनच्या पातळ थराला उन्हानेच उतार लागतो. पहिल्या काही महिन्यांत वीज कमी होते, हे १९७७ पासून माहीत होते. उसाच्या भावावर आपण जशी नजर ठेवतो तशी या लोकांनी सिलिकॉनच्या भावावर ठेवायला हवी होती, असे माझे मत आहे.

नवा पाहुणा

विक्रेता ज्याचे नाव घेऊन थांबायला सांगतो तो बहुधा पेरोव्हस्काइट. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या प्रयोगशाळेत त्याचा पहिला घट झाला, ३.८ टक्क्यांचा. आज प्रयोगशाळेत तो २६ टक्क्यांच्या पुढे आहे. एवढ्या वेगाने दुसरे कोणतेच द्रव्य चढले नाही. त्याचे द्रावण गरगर फिरणाऱ्या काचेवर टाकतात, ते पसरून पातळ होते. मग नेमक्या क्षणी दुसऱ्या एका द्रवाचा थेंब सोडतात. त्याने द्रावण एकदम अतिसंपृक्त होते आणि सगळीकडे एकाच वेळी बीज धरते. म्हणजे पुन्हा आपला पॅनच! स्लरी कधी सोडायची हे ज्याला कळले त्याचा दाणा एकसारखा. थेंब काही सेकंद उशिरा पडला तर थर पांढुरका येतो.

पण या थराला ओलावा आणि उष्णता सोसत नाही, आणि त्यात शिसे असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पंचवीस वर्षे तो टिकेल, अशी हमी आज मिळत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट ठेवून दोघांना एकत्र राबवण्याचे काम चालू आहे. त्यातून पुढे चांगले निघेल असे वाटते. मात्र आजच्या पाण्याची पाळी त्यावर सोडता येणार नाही.

सभासदाने काय बघावे

वर्तमानपत्रात टक्के छापून येतात ते बहुधा नखाएवढ्या घटाचे असतात. त्यावर छिद्र नसलेली जागा निवडता येते. पॅनेल दोन चौरस मीटरचे, तिथे निवड नसते. कोपऱ्यात घेतलेली पाच गुंठ्यांची चाचणी आणि सबंध शिवाराचा उतारा यांत जे अंतर, तेच इथे.

पातळ थराला एक गुण द्यायलाच हवा. एप्रिलच्या उन्हात पॅनेल पासष्ट अंशांवर जाते, म्हणजे कारखान्यात मोजणी होते त्या पंचवीस अंशांहून चाळीस अंश वर. सिलिकॉन दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज गमावते, म्हणजे चौदा टक्के गेले. कॅडमियम टेल्युराइड ०.२८ च्या आसपास, म्हणजे अकरा टक्के. पण सिलिकॉनची पॅनेले मुळात २१ ते २३ टक्क्यांची, कॅडमियमची एकोणीसच्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच विजेला जागा, सांगाडा आणि तार जास्त लागते. माळरानावरच्या मोठ्या प्रकल्पाला ते परवडते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभारला, त्याचा एक भाग पातळ थराच्या पॅनेलांचा होता. विहिरीच्या बांधावर, जिथे दोन गुंठेही मोलाचे, तिथे माझा कौल आज सिलिकॉनलाच.

गुंडाळी होणारी पॅनेले घेऊच नका असे म्हणत नाही. पण मागे नाव, अनुक्रमांक, भारतीय मानक ब्युरोची खूण आणि विजेची लेखी हमी यांतले काही नसेल तर पैसे मोजू नका. तोंडी हमी देणाऱ्याला एकच विचारा : शोषक थर कशाचा आहे? ज्याला हे सांगता येत नाही त्याचा माल कोणत्या द्रव्याचा, हे त्यालाही ठाऊक नसते. योजनेतला पंप ज्यांच्या वाट्याला आला आहे त्यांनी ‘चांगले येणार आहे’ म्हणून हिस्सा भरण्याचे लांबवू नये.

आणि पॅनेल गारपिटीने फुटले तर त्याचे तुकडे उकिरड्यात किंवा पडक्या विहिरीत टाकू नका. कॅडमियमच्या पॅनेलांबाबत तर मुळीच नको. अखंड काचेत ते बंद असते, फुटलेल्या तुकड्यांवर वर्षानुवर्षे पाऊस पडू देणे वेगळे. सिलिकॉनच्या पॅनेलांतही जोडणीला शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेले आलेली आहेत आणि ती परत घेऊन नीट साठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा तुकडे गोणीत भरून कोरड्या जागी ठेवावेत, पुरवठादाराला लेखी कळवावे आणि माल परत देताना पोच घ्यावी.